चौघांनी मिळून वजन उतरवायचं तर

वजन कमी करायला निघालेल्यांना माहिती कमी पडत नाही. साखर कमी, तळण कमी, रोज चालणं, हे घरोघरी तोंडपाठ आहे. खरी अडचण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. पहाटे साडेपाचचा गजर वाजतो, बाहेर नाशिकची थंडी असते, आणि आपण नाही गेलो तर कुणाचंच काही अडत नाही. नव्याचे नऊ दिवस संपल्यावरचं हे ओझं वाटून घेता आलं तर पुढचं बरंच सोपं होतं.

१९९९ साली अमेरिकेत याचा अभ्यास झाला. चार महिन्यांच्या कार्यक्रमात काही जणांना एकेकटं घेतलं, काहींना तीन मित्र किंवा नातेवाइकांसह. एकट्याने आलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पूर्ण केला. मित्रांसह येऊन एकमेकांना आधार कसा द्यायचा हेही शिकलेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी. पुढे दहाव्या महिन्यापर्यंत उतरलेलं वजन पूर्ण टिकवणारे पहिल्यांत २४ टक्के होते, दुसऱ्यांत ६६ टक्के.

मात्र नुसती माणसं जमवून हे होत नाही. वीस मिनिटं चालून चाळीस मिनिटं टपरीवर चहा-खारी करणारे गट प्रत्येक जॉगिंग ट्रॅकच्या बाहेर दिसतात. अशा गटांत मैत्री वाढते आणि पोटही.

माणसं कोणती घ्यावीत

चार जण पुरेत, फार तर सहा. दोघांचाच गट असेल तर एक माहेरी किंवा गावी गेला की कारभार बंद. दहा जण झाले तर एखादा आला नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. वय आणि वजन जुळण्यापेक्षा वेळ आणि घराचं अंतर जुळणं महत्त्वाचं. चालत दहा मिनिटांपेक्षा लांबचा माणूस पावसाळ्यात गळतोच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांनी शेजारी न घेता आपल्याच पाळीतले सहकारी घ्यावेत. पाळी बदलली तरी सगळ्यांची एकदम बदलते, गट मोडत नाही.

भिशीचं मंडळ असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. ठरल्या तारखेला येणं, हिशेब ठेवणं, एकमेकींवर विश्वास, सगळं तयार असतं. बदलायचा तो फक्त भिशीचा नाश्ता.

नवरा-बायको एका गटात चालतात, पण त्यांची जोडी लावू नका. "आज तू दोन लाडू खाल्लेस" हे वाक्य मैत्रिणीकडून ऐकून घेता येतं. तेच नवऱ्याकडून आलं की विषय लाडवाचा राहत नाही. आणि शेक, पावडरी, 'फॅट बर्नर' गोळ्या विकणारा माणूस गटात नको, कितीही जवळचा असला तरी. पहिल्याच दिवशी नियम करा: इथे कुणी कुणाला काही विकायचं नाही.

आधी तपासणी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवण कमी आणि चालणं जास्त झाल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हाताला थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणं. तेव्हा चालणं थांबवून तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. पण मुळात डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घेतल्याशिवाय सुरुवातच करू नका. रक्तदाबाची गोळी असणाऱ्यांनीही हेच करावं, कारण वजन उतरलं की दाबही उतरतो आणि जुना डोस जड होतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन कमी करण्याच्या गटात पडू नये. चालताना छातीत दाब येणं, जबडा किंवा डावा हात दुखणं याला गॅस म्हणून सोडून देऊ नका. गटात अशी तक्रार कुणी केली तर त्याला एकट्याला घरी पाठवू नका, थेट दवाखान्यात न्या.

पहिले सात दिवस फक्त लिहायचं

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. दोनशे पानी वही घ्या आणि तोंडात गेलेलं सगळं लिहा: पोळ्या किती, भात किती वाट्या, चहा किती कप आणि प्रत्येकी साखर किती चमचे, मुलांच्या ताटातलं उरलेलं, ऑफिसमधल्या वाढदिवसाचा केक. भाजी चिरताना तोंडात टाकलेले शेंगदाणेही. कॅलरी मोजायची गरज नाही.

सात दिवसांनी वही उघडली की बहुतेकांना दोन-तीन जागा लगेच दिसतात. चहाचंच घ्या. दिवसाला चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालला तर साधारण १२०-१३० कॅलरी खर्च होतात. म्हणजे सकाळचं चालणं संध्याकाळपर्यंत चहातच विरघळतं. चमचे दोनाचे एक करणं हा पहिल्या महिन्यासाठी पुरेसा मोठा बदल आहे. एकदम बिनसाखरेचा चहा सुरू करणारे बहुधा दहाव्या दिवशी बासुंदीवर तुटून पडतात.

पहिली बैठक

तासभर लागतो. कुणाच्या तरी घरी बसा, हॉटेलात नको. प्रत्येकाने तीन आकडे काढायचे: वजन, उंची, कंबर. नाशिककर गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूर काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघा-कमरेवरून ओळखतात. इथेही काट्यापेक्षा कंबर जास्त खरं सांगते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा भारतीयांसाठी २३च्या आत असावा. परदेशी तक्त्यांतली २५ची मर्यादा आपल्याला सैल पडते, कारण त्याच वजनाला आपल्या पोटावर चरबी जास्त असते.

लक्ष्य किती ठेवायचं? सहा महिन्यांत आत्ताच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के. सत्तर किलोच्या माणसाला साडेतीन ते सात किलो. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाबात फरक पडतो. आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग, एक किलोच्या वर जायची घाई नको. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर पेढे वाटू नका, त्यातलं बरंचसं पाणी असतं.

हे आकडे आपल्या जोडीदारालाच सांगायचे, सगळ्या गटाला नाही. गटाने हजेरी मोजावी, किलो मोजू नयेत, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. पुरुषांचं वजन बायकांपेक्षा सहसा लवकर उतरतं, नव्वद किलोच्या माणसाचं पासष्टवाल्यापेक्षा लवकर उतरतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत बायकांच्या अंगात पाणी साठून काटा एखादा किलो वरही जातो. चौघींची वजनं एकाच कागदावर मांडली की जिचं उतरत नाही ती पुढच्या आठवड्यापासून येत नाही. पैजाही म्हणूनच नकोत. वजनावर पैसे लावले की माणसं वजनाच्या दिवसाआधी उपाशी राहतात आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट खातात. दंड ठेवायचाच असेल तर गैरहजेरीला ठेवा, न कळवलेल्या खाड्याला वीस रुपये, आणि त्यातून चांगली वजनकाट्याची बॅटरी, टेप, पावसाळ्यासाठी दोरीच्या उड्यांची दोरी असलं काही घ्या.

बैठक संपण्याआधी प्रत्येकाने दोनच गोष्टी ठरवायच्या: जेवणातला एक बदल आणि चालण्याची वेळ. आणि जोड्या लावायच्या. जोडीदाराचं काम सोपं आहे. ठरल्या वेळेला माणूस दिसला नाही की फोन करायचा. मेसेज नाही, फोन. मेसेज अंथरुणात पडूनही वाचता येतो. एक दिवस खाडा चालेल, सलग दोन नाहीत. तिसऱ्या दिवशी जोडीदाराने दारात जाऊन बेल वाजवायची.

व्हॉट्सअॅप ग्रुप काढाल तेव्हा त्यावर हजेरी, उद्याची वेळ आणि मदतीची हाक एवढंच जाऊ द्या. 'गेटवर आहे', 'आज पाहुणे, रात्री जेवणानंतर वीस मिनिटं चालेन', 'फार भूक लागलीय, कुणीतरी बोला' असे मेसेज. जिऱ्याच्या पाण्याचे फॉरवर्ड आणि न विचारलेले सल्ले नकोत. "मी तर बाई रात्रीचं जेवणच सोडलं" या एका वाक्यामुळे गटातल्या दोघी उपाशी झोपतात.

घरच्यांकडून काय मागायचं

गट दिवसातला एक तास सोबत असतो, उरलेले तेवीस घरात जातात. "मला वजन कमी करायचंय, मदत करा" असं म्हटलं तर घरचे मान डोलावतात आणि संध्याकाळी भजी तळतात. मदत कामाच्या भाषेत मागा: रात्रीचं जेवण साडेआठच्या आत, फरसाणाचा डबा ओट्यावर नको, वरच्या फळीवर, माझ्या पोळीला तेल लावू नका.

तेलाचा हिशेब घरभराचा आहे. माणशी दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे चार चहाचे चमचे, धरले तर चौघांना महिन्याला साधारण अडीच लिटर पुरायला हवं, तूपही त्यातच. पिशवी फोडली की तिच्यावर मार्करने तारीख घाला. पाच लिटरचा कॅन महिन्याभरातच संपत असेल तर भाज्या कशा होतात याची चौकशी करायला नको. फोडणीला बरणीतून सरळ ओतू नका, चमच्याने मोजून घाला. एका चहाच्या चमच्यात ४५ कॅलरी असतात, आणि धार सोडली की चार-पाच चमचे कधी पडले ते कळतही नाही.

आग्रहाला उत्तर तयार ठेवा. सासूबाई म्हणतात, "अगं एवढ्याशानं काय होतंय, अजून एक घे." यावर डाएट, कॅलरी असलं काही काढलं की वाद होतो. "अहो आई, पोट भरलं. भाजी मात्र छान झालीय, तीच थोडी वाढा" म्हटलं की त्यांचाही मान राहतो आणि पोळीही वाचते. सासूबाईंनाच संध्याकाळच्या फेरीला सोबत घेतलं तर आणखी चांगलं. त्यांचे गुडघे आखडलेले असतात, आणि स्वयंपाकघराची सूत्रं बहुधा त्यांच्याच हातात असतात.

ताट

नेहमीचंच ताट, फक्त वाटणी बदललेली: अर्ध्यात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात घट्ट वरण, उसळ, अंडी किंवा मासे, उरलेल्या पाव भागात पोळी किंवा भात. आपल्या शाकाहारी ताटात प्रथिनं हमखास कमी पडतात आणि म्हणून अकरा वाजता परत भूक लागते. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम धरा. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, कोरड्या मटकीच्या उसळीतून सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा, २५० मिलिलिटर दुधातून आठ, ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून पंधरा.

पोळी सोडून भाकरी धरणाऱ्यांची एक चूक नेहमीची. मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते, हातावर थापलेल्या बाजरीच्या भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ. एक भाकरी म्हणजे दोन पोळ्या. भाकरी जरूर खा, पण "हलकी असते" म्हणून दोन खाल्ल्या तर हिशेब चार पोळ्यांचा होतो.

बुधवारी गंगेवरच्या बाजारातून गटाने मिळून भाजी आणली तर स्वस्त पडते. मेथी, गाजर, मुळा, काकडी चौघींत वाटून घ्या, आणि निवडणं त्याच संध्याकाळी उरका. निवडलेली मेथी फ्रिजमध्ये असेल तर रात्री मॅगी होत नाही.

उपवासाने वजन उतरतं हा समज साबुदाण्यासमोर टिकत नाही. ताटभर खिचडीत पाऊण वाटी कोरडा साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप मिळून पाचशे कॅलरींच्या आसपास जातात, प्रथिनं नावापुरती. त्यापेक्षा भगर, तीही ५० ग्रॅम कोरडी मोजून, सोबत वाटीभर दही, काकडी आणि एखादं फळ. दाण्याची आमटी अर्धी वाटीच.

रविवारची मिसळ

नाशिकमध्ये राहून मिसळ सोडा असं सांगणाऱ्याचं कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. पण तिचा हिशेब माहीत असावा. फरसाण ५० ग्रॅम धरलं तरी २७० कॅलरी, दोन पावांच्या २२०-२४०, तर्रीतलं तेल चार चहाचे चमचे म्हणजे १८०, शिवाय मटकी. साडेसातशेच्या घरात सहज. त्यात रस्सा परत-परत वाढला जातो आणि त्याबरोबर जादा पावही येतो. रस्सा संपवायला पाव आणि पाव संपवायला रस्सा, हे चक्र तोडायचं ते पावाकडून.

गटाने महिन्यातला एक रविवार मिसळीचा ठरवून टाकावा. मटकी जास्त, फरसाण वेगळ्या वाटीत, तर्री बाजूला, पाव एक, दही हवं तेवढं. त्या दिवशीचं रात्रीचं जेवण ताक आणि भाजी. बाकीच्या रविवारी चालून झाल्यावर थेट घरी, टपरीवरही थांबायचं नाही. चालण्यानंतरची भूक खरी असते, म्हणून निघण्यापूर्वीच घरी मूग भिजवून किंवा अंडी उकडून ठेवा.

चालायचं कुठे, किती

चालण्याचा पहिला आठवडा वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत पंचेचाळीसपर्यंत न्यायचं. वेग असा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. गटातला सगळ्यात हळू चालणारा पुढे, बाकीचे मागे. वेगवान माणसाला जोर दाखवायचा असेल तर त्याने शेवटी एक फेरी जास्त मारावी.

सुरुवात सपाटीवर करा: कृषिनगर किंवा इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लब मैदान, नाहीतर सोसायटीच्या आतला रस्ता. पांडवलेणीच्या दोनशेच्या आसपास पायऱ्या सहा-आठ आठवडे झाल्यावर. पहिल्याच रविवारी उत्साहात तिथे गेलेल्यांचे गुडघे सोमवारी बोलतात. चढताना दम लागतो, पण गुडघ्याला मार उतरताना बसतो, म्हणून उतरणं सावकाश, कठड्याला धरून.

डिसेंबर-जानेवारीत शहराचं तापमान दहाच्या खाली जातं. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी तेव्हा पहाट सोडून ऊन वर आल्यावर निघावं. पावसाळ्यात गंगेला पाणी आलं की काठचे रस्ते विसरायचे. त्या चार महिन्यांसाठी पर्याय जूनच्या आधीच ठरवा, पार्किंगमधल्या फेऱ्या, जिने, घरातले सूर्यनमस्कार. ठरवलं नाही तर गट पहिल्या झडीलाच विरघळतो.

आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम हवाच, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही उतरतात. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकवून दहा वेळा ढकलणं, असे दोन-दोन फेरे. दहा मिनिटांत होतं. कंटाळवाणं आहे, म्हणूनच गटात करावं.

काटा अडकला की

वजन आठवड्यातून एकदाच करा. तोच वार, तोच काटा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तीन-चार आठवडे काटा हलत नाही. एक तर हलक्या झालेल्या शरीराला कमी कॅलरी लागतात. दुसरं, आणि बहुतेक वेळा खरं कारण, वाट्या हळूहळू परत मोठ्या झालेल्या असतात. जेवण आणखी तोडू नका. पुन्हा सात दिवस वही लिहा, कंबर मोजा, आणि ती वही जोडीदाराला वाचायला द्या. कंबर उतरत असेल तर काट्याकडे दुर्लक्ष करा.

दिवाळीच्या आठवड्यात वजन उतरवायचं नसतं, राखायचं असतं. फराळ ताटलीत वाढून घ्यायचा, डब्यात हात घालायचा नाही, आणि भाऊबीजेला गावी गेलेल्यांनीही हजेरीचा मेसेज टाकायचा, मग तो शेतातल्या फेरीचा का असेना.

चार महिन्यांनी रोजचं भेटणं आठवड्यातून तीन दिवसांवर आणलं तरी चालतं, बैठक महिन्यातून एकदा. वजन मात्र दर आठवड्याला करत राहा. सगळ्यात कमी झालेल्या आकड्यापेक्षा काटा दोन किलोंनी वर गेला तर जोडीदाराला त्याच दिवशी कळवायचं आणि दुसऱ्या सकाळपासून वही परत सुरू करायची.